लाईट वाढवू की सीओटू? काळं शेवाळ हटत नाहीये

प्रश्न
६० लिटरचा प्लांटेड टँक (जिवंत पाणवनस्पती लावलेला माशांचा टँक) आहे, एलईडी ८ तास चालतो, सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलेंडर लावलाय आणि गॅस लाईटबरोबरच चालू होतो, सेकंदाला साधारण एक बबल. रोटाला (एक पाणवनस्पती) खालून पानं गाळतोय, आणि लाकडावर, जुन्या पानांच्या कडांवर काळं केसाळ शेवाळ धरलंय. ड्रॉप चेकर (पाण्यातला सीओटू रंगावरून दाखवतो: निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जास्त) दुपारपर्यंत निळाच असतो, संध्याकाळी कुठे हिरवा होतो. लाईट वाढवू का गॅस? आत मासे आहेत म्हणून गॅस वाढवायची भीती वाटते.

उत्तर १
लाईट अजिबात वाढवू नका! लाईट जितका जास्त तितकी झाडांची सीओटूची आणि खताची भूक वाढते, ती भागली नाही की झाड अडतं आणि शेवाळाचं फावतं. चेकर रंग बदलायला दीडदोन तास मागे असतो हे खरं, पण संध्याकाळी हिरवा म्हणजे अर्धा दिवस झाडं उजेडात उपाशीच. गॅस लाईटच्या दोन तास आधी सुरू होईल असा टायमर लावा, लाईट बंद व्हायच्या तासभर आधी गॅस बंद. आणि लाईट सध्या ६ तासांवर आणा, डिमर असेल तर कमीही करा.

उत्तर २
वरच्याशी सहमत. फक्त बबल मोजून काही कळत नाही हो, प्रत्येक बबल काउंटरचा (गॅसचे बबल मोजायच्या नळीचा) बबल लहानमोठा असतो. चेकरमध्ये टँकचं पाणी नको, ४ डीकेएचचं (डीकेएच म्हणजे पाण्याच्या कार्बोनेट कठीणपणाचं माप) द्रावणच हवं, तरच हिरवा म्हणजे सीओटू ३० पीपीएमच्या (दहा लाखात ३० भाग) आसपास असं धरता येतं. चेकर डिफ्यूझरपासून (गॅस बारीक बुडबुड्यांत पाण्यात सोडणारा भाग) लांबच्या कोपऱ्यात लावा. तिथे निळा आणि डिफ्यूझरजवळ हिरवा दिसला तर गॅस कमी नाहीये, पाणी फिरत नाहीये, फिल्टरच्या आउटलेटची दिशा बदलून बघा. काळं शेवाळ बहुतेक वेळा सीओटू रोज खालीवर होत असला की येतं, त्यामुळे आकड्यापेक्षा तो रोज सारखा राहणं जास्त महत्त्वाचं.

उत्तर ३
माशांची काळजी बरोबर आहे तुमची. गॅस वाढवायचा तर तुम्ही दिवसभर घरी असाल त्या दिवशी, अगदी थोडा, मग दोनतीन दिवस तसाच ठेवून बघा. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले किंवा चेकर पिवळा झाला तर लगेच गॅस बंद, एअर पंप चालू. पाण्याच्या वरच्या थराला हलकी हालचाल असू द्या, थोडा गॅस उडतो पण ऑक्सिजन मिळतो, रात्री तर झाडंही ऑक्सिजनच घेतात. आधीचं काळं शेवाळ आपोआप जाणार नाही, ती पानं कापून टाका, लाकूड बाहेर काढून घासा, आणि नवीन पानं स्वच्छ येतायत का तेवढं बघत राहा.