साडेचार वर्षांच्या लेकीसाठी गोष्टीची पुस्तकं सुचवा ('तात्पर्य' नसलेली)

दुधनाकाठ

राम राम मंडळी. मी सेलूचा. बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. मृगापासून पुढं दीड-दोन महिने लेकीचं तोंड झोपलेलंच बघतो. आता फवारणीचं औषध नेणारे तेवढे येतात, रात्री साडेआठला घरी असतो. म्हणलं पोरीला गोष्ट वाचून दाखवावी. घरात तिला ठमी म्हणतो.

बायकोनं परभणीच्या एका प्रदर्शनातून जाडजूड पुस्तक आणलेलं. साडेतीनशे रुपये, शंभराच्या वर बोधकथा, कव्हर आरशासारखं. पहिल्या रात्री ससा-कासव काढलं. पुस्तकात लिहिलेलं, 'गर्विष्ठ सशाने कासवाची अवहेलना केली.' ठमी म्हणली, अवहेलना म्हंजे काय? मी म्हणलं, चिडवलं. "मग चिडवलं म्हण ना!" बरोबरच होतं तिचं. पुढं प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ठळक अक्षरात 'तात्पर्य'. तिसऱ्या दिवसापासून तात्पर्य आलं की ती पुस्तक मिटायला लागली. आता तर भातुकली खेळून झाली की "तात्पर्य!" असं वरडते आणि सगळी भांडी उधळून देते.

चित्रांचं तर विचारूच नका. गोष्टीला एक चित्र, तेही कंप्युटरवर काढलेलं. एकच कावळा तीन गोष्टीत, फक्त तोंड इकडचं तिकडं. कोल्ह्याला पापण्या.

पुस्तक नको झालं की मोबाइल मागते. माझं म्हणणं एवढंच की तिनं स्वतःहून "पुन्हा वाच" म्हणावं असं काही पाहिजे. पाचशेपर्यंत खर्च करीन. शाळा इंग्रजी आहे, घरी मराठी, मग कुठल्या भाषेतलं घ्यावं? आणि एक अडचण. दुपारी ती माझ्या आईपाशी असते, आणि आमच्या आईला वाचता येत नाही.

---

वाचनवेडी_नांदेड

दादा, आधी फुकटातलं सांगते. 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ आहे, २०१५ पासून. तिथं भाषा मराठी निवडा आणि स्तर १ची पुस्तकं बघा. एका पानाला एक-दोन ओळी, बाकी सगळं चित्र. परवाना खुला असल्यामुळं उतरवून छापून घेतलं तरी चालतं.

पण डोळे झाकून घेऊ नका. तिथं कुणालाही भाषांतर करून टाकता येतं, त्यामुळं काही मराठी झकास आहे आणि काही तुमच्या 'अवहेलना'च्या जातीचं. आधी स्वतः वाचा.

मी एक सोळा पानी गोष्ट झेरॉक्सवाल्याकडून रंगीत काढून घेतली, दीडशे रुपये झाले. तेवढ्यात छापील दोन पुस्तकं आली असती, हे घरी आल्यावर सुचलं. मोबाइलवर दाखवायचं तर इंटरनेट बंद करून दाखवा. गोष्ट रंगात आली की वरून कुणाचा तरी गुड नाइटचा मेसेज पडतो, आणि मग पोर गोष्टीचं राहत नाही.

---

अंगणवाडीताई_अंबाजोगाई

मी एकोणीस वर्षं अंगणवाडीत आहे. तीन ते सहा वर्षांची लेकरं, म्हणजे तुमच्या ठमीच्याच वयाची. पोरगी पुस्तक मिटते म्हणजे तिला वाचनाची आवड नाही असं समजू नका. तिला बरंवाईट कळतं, एवढाच त्याचा अर्थ.

दुकानात उभं राहून दोन गोष्टी करून बघा. दोन पानं मोठ्यानं वाचा, तुमचीच जीभ अडखळली तर पुस्तक जागेवर ठेवा. दुसरं, ओळींवर तळहात ठेवा आणि नुसत्या चित्रावरून गोष्ट कळते का बघा. चांगल्या चित्रपुस्तकात चित्र ओळीच्या मागं मागं फिरत नाही. ओळ सांगते 'मुलगी झोपली', आणि चित्रात खाटेखाली मांजर दुधाच्या भांड्यापाशी पोचलेलं असतं. वाचणाऱ्या बापाला ते दिसत नाही, कारण त्याचे डोळे ओळीवर. लेकराला आधी दिसतं. मग ते तुम्हाला दाखवतं, आणि त्या घडीला पुस्तक त्याचं होतं.

आमच्याकडं एक पोरगं होतं, आईबाप ऊसतोडीला जाणारे. दिवाळीनंतर ते कारखान्यावर गेलं, पाडव्याच्या सुमाराला परत आलं. आल्या दिवशी पिशवीतून एक पुस्तक हुडकून काढलं, बरोबर एका पानावर गेलं आणि म्हणलं, "हाय का नाय बगा, शेळी हितंच हाय." झाडामागं शेळीचे नुसते कान दिसतात त्या पानावर. गोष्टीत शेळीचा उल्लेखसुद्धा नाही. पाच महिने त्यानं ते कान डोक्यात ठेवले होते. मी ते पुस्तक कितीदा वाचलं असेल, मला कधी दिसले नव्हते.

आता नावं. मराठीत सुरुवात करायची तर माधुरी पुरंदरे. त्या स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात, त्यामुळं शब्द एकीकडं आणि चित्र दुसरीकडं असं होत नाही. 'राधाचं घर' हा संच ठमीच्या वयाला बसतो, घरातल्याच माणसांच्या गोष्टी आहेत. त्यातली भाषा जरा पुण्याकडची वाटेल, ती तुम्ही आपली करून वाचा, पुस्तक काही म्हणत नाही. आणि त्यांचंच 'चित्रवाचन' तुमच्या आईसाठी घ्या. त्यात चित्रं बघून बोलायचं असतं, वाचता यायची गरजच नाही. दोन्ही पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनची. स्वस्तात हवी असतील तर नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत मराठी पुस्तकं मिळतात. छपाई साधी असते, पण काही चित्रं फार जीव लावून काढलेली.

भाषेचं म्हणाल तर ज्या भाषेत ठमी भांडते त्या भाषेत वाचा. इंग्रजी शाळा बघून घेईल. फारच वाटलं तर चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची एकाच पानावर इंग्रजी आणि मराठी असलेली पुस्तकं आहेत.

आणखी एक. ज्या गोष्टीत एखादी ओळ फिरून फिरून येते ती आधी घ्या. चिमणीचं दार आणि भोपळ्यातली म्हातारी आपल्याकडं इतकी वर्षं टिकली ती त्यामुळंच. पुढं काय येणार हे लेकराला ठाऊक असतं आणि ते तुमच्या आधी म्हणून टाकतं. एकच पुस्तक वीस दिवस मागितलं तर वैतागू नका.

---

जुना_मास्तर

ताईंचं बरंचसं पटलं, पण बोधकथांना एवढं झोडपायचं कारण दिसत नाही. आमची पिढी पंचतंत्र आणि इसापावरच वाढली, काही बिघडलं नाही. नुसती मज्जाच द्यायची तर मग मोबाइल काय वाईट? शिवाय 'किशोर' मासिक आहे, बालभारतीचं, १९७१ पासून निघतं. जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. ते कुणी सुचवलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

---

अंगणवाडीताई_अंबाजोगाई

सर, 'किशोर' माझाही लाडका. पण तो आठ वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. ठमीला अजून चार वर्षं थांबावं लागेल.

पंचतंत्राला मी नावं ठेवणार नाही. पण विष्णुशर्म्यानं त्या गोष्टी कुणाला सांगितल्या? राजाच्या तीन मुलांना, राज्य कसं करावं, मित्र कसा फोडावा हे शिकवायला. साडेचार वर्षांच्या पोरीला राज्य चालवायचं नाही, तिला माकड मगरीच्या पाठीवर बसलं तेव्हा भिजलं का हे विचारायचं असतं. गोष्ट तीच सांगा, तात्पर्य तेवढं वाचू नका. आणि तुमच्या आजीनं तुम्हाला गोष्ट सांगितली तेव्हा शेवटी 'यावरून काय शिकलास' असं विचारलं होतं का? खरं सांगा.

---

जुना_मास्तर

नाही. बहुतेक वेळा मी तोवर झोपलेलो असायचो.

---

वाचनवेडी_नांदेड

दादा, घ्यायच्या आधी बांधणी बघा. मधोमध पिना मारलेलं पातळ पुस्तक सपाट उघडतं, मांडीवर राहतं. डिंकानं चिकटवलेलं सारखं मिटतं, आणि जोर करून उघडलं की आठ दिवसांत पानं हातात. घरात अजून लहान, तोंडात घालणारं लेकरू असेल तर जाड पुठ्ठ्याचं घ्या.

---

दुधनाकाठ

उशिरा लिहायलोय, माफी असावी. मधे सोयाबीनवर खोडमाशी आली आणि दुकानात श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

सेलूत काही मिळालं नाही. स्टेशनरीच्या दुकानात होते ते रंगवायचे तक्ते आणि पापण्यावाले कोल्हे. मेहुणा तपोवन एक्स्प्रेसनं संभाजीनगरला चालला होता, त्याला औरंगपुऱ्यात पाठवलं. त्याला म्हणलं, दुकानात मोठ्यानं वाचून बघ. त्यानं खरंच वाचलं म्हणे, दुकानदार हसायला लागला, पण चार पुस्तकं काढून दिली. पाचशेच्या थोडे वर गेले.

ताई, तळहाताची युक्ती मी घरी करून बघितली. एका पुस्तकात ओळींवर हात ठेवला तर ठमी म्हणली, "हात काढू नको, मी सांगते." आणि सांगितली की सगळी! छापलेल्या गोष्टीपेक्षा लांब होती.

पण खरी गंमत दुपारची. आई पहिले दोन दिवस पुस्तकाला हात लावेना, "मला काय येतंय त्यातलं" म्हणून. मग ठमीनंच बाजाराचं एक चित्र तिच्या मांडीवर उघडून ठेवलं. आईनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणली, "ही बाई वांगे महाग लावायली." तिथून जे सुरू झालं! चित्रातल्या कोपऱ्यात एक कुत्रं आहे. ते आईच्या गोष्टीत जिंतूरच्या बाजारातून पळून आलंय, त्याला मालक आहे, मालकाची सून भांडकुदळ आहे. रोज थोडं पुढं सरकतं. मी रात्री तेच चित्र घेऊन बसलो आणि माझ्या मनानं सांगायला लागलो, तर ठमीनं मला थांबवलं. "कुत्रं आज मानवतला गेलंय, तुला म्हाईत नाही. आजीला इचार."

म्हणून मी आता चित्रवाल्या पुस्तकात तोंड घालत नाही, ओळीवाली तेवढी वाचतो. त्यातल्या एकाला मी अकराव्यांदा 'संपलं' म्हणलं. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. पण ती ओळ माझ्या आधी म्हणते तेव्हा बरं वाटतं. जाड पुस्तक सध्या भातुकलीच्या चुलीखाली आहे, चूल उंच पाहिजे होती.

एक विचारायचं राहिलं. बाजाराचं पान उघडून उघडून पुस्तकाच्या मधल्या पिना निघाल्यात, एक तर बोटाला टोचली. चिकटपट्टी लावू का?

---

अंगणवाडीताई_अंबाजोगाई

चिकटपट्टी नको, पिवळी पडते आणि पान घेऊन निघते. पिना काढून टाका आणि त्याच भोकांतून गोधडीच्या दोऱ्यानं शिवा. आईंना सांगा, त्यांना येत असेल.