उन्हाळा, कूलर आणि आपली मॉडेलं: फसलेलीही सांगा

दर मे महिन्यात माझं एक तरी मॉडेल वाया जातं. यंदा १:७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं, नॅट लढाऊ विमान होतं. तळहातावर मावेल एवढं, पंखांची लांबी नऊ-साडेनऊ सेंटिमीटर. लॅकर रंग मारला, कूलर सुरू होता, आणि डोळ्यांदेखत पंखांवर दुधाळ साय धरली. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि कूलरची ओल नेमकी तिथे बसते, हे मागाहून कळलं. कूलर बंद केला तर उलटंच. एअरब्रशमधून फवारलेला रंग विमानापर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळला, बोट फिरवलं तर पॉलिशपेपर. आता पहाटे साडेपाचला रंगवतो. तुमचं काय? उत्तराच्या वर नावाऐवजी नागपुरातला आपला भाग लिहा. चांगले फोटो सगळेच दाखवतात, मला घोळ पाहायचे आहेत.

महाल

भाऊ, आपण लाकूडवाले. तान्ह्या पोळ्यात पोट्टे मिरवतात ते लाकडी नंदी करतो, घरच्यांपुरते. मोठ्या नंदीचा मागचा पाय मे महिन्यात हलाले लागला. मले वाटलं खुंटी झिजली. जाड पाचर ठोकली, पाय असा घट्ट की काय सांगू! पोळ्याच्या आठ दिवस आधी बाहेर काढला तं पाय उभा चिरलेला. उन्हाळ्यात लाकूड आकसलं होतं, पावसाळ्यात फुगलं अन् पाचरीनं जागा नाही दिली. आता उन्हाळ्यात कोणताच सांधा कसत नाही. हलते तं हलू द्या. फोटोत चीर दिसते, मुद्दाम बुजवली नाही.

कडबी चौक

माझं वेड नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीचं. नागपूर-नागभीड लाईन २०१९ मध्ये बंद झाली, तेव्हापासून डबे बनवतो आहे. नॅरोगेज संग्रहालय घराजवळच, त्यामुळे माप बघायला कधीही जाता येतं. नवीन लोक इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्या नॅरोगेजच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. माझे डबे १:८७ मापाचे, म्हणून ८७ ने भागा, पावणेनऊच्या आसपास येतं. म्हणजे बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा एन गेज (छोट्या मॉडेल गाड्यांचा) रूळ चालून जातो, स्वतः रूळ घडवत बसायची गरज नाही. फक्त त्याचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, फार बारीक आणि फार जवळजवळ असतात, ती मुख्य लाईनची नक्कल आहे. मी पहिल्यांदा तसाच टाकला. फोटोत डबा आपला वाटतो, रूळ परदेशी. मग एकाआड एक स्लीपर कापला, उरलेल्यांवर आईस्क्रीमच्या काडीच्या चिपा चिकटवल्या आणि चहाच्या गाळणीने चाळलेली रेती पसरली. गाळणी नवीन आणून द्यावी लागली, हा खर्च धरायचा विसरू नका.

जुन्या वस्तूचा फोटो काढताना शेजारी फूटपट्टी धरा. घरी आल्यावर आठवणीतून काढलेली मापं नेहमी चुकतात.

प्रतापनगर

काका, डबे सुंदर आहेत, पण सगळे फोटो वरून काढलेत, गच्चीतून पाहिल्यासारखे. १:८७ मध्ये माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा. तेवढ्या उंचीवर लेन्स नेली की गाडी खरी वाटते. फोन उलटा धरा, कॅमेरा टेबलाला टेकतो. फार जवळ जाऊ नका, गाडीचं नाक मोठं दिसतं. मागे सरून झूम करा. आणि फ्लॅश बंद! संक्रांतीचा उरलेला पांढरा पतंगी कागद खिडकीला लावला की सावल्या मऊ पडतात.

मानेवाडा

विमानवाल्या दादांना एक विचारायचं होतं. इन्स्टंट ग्लूने कॉकपिटची काच चिकटवली, दुसऱ्या दिवशी आतून धुकं. पुसताही येत नाही.

धागाकर्ता (विमानवाला)

त्या गोंदाची वाफ काचेवर बसते. काचेला साधा फेविकॉल लावा, वाळल्यावर पारदर्शक होतो. वेळ लागतो, एवढंच.

प्रतापनगरच्या ताई, फोन उलटा धरून पाहिला. नॅटच्या पोटाखाली माझ्या अंगठ्याचा ठसा रंगात पक्का बसलाय. इतके दिवस हातात होतं, एकदाही दिसला नव्हता. तोच फोटो टाकतोय.