बिशप साहेबांची भेट: सत्कार नको, मुलांना वेळ द्या

प्रेषक: काकू, लेस्टर

सर्वांना नमस्कार,
दापोलीकडच्या आमच्या गावातल्या चर्चला नोव्हेंबरात बिशप साहेब भेट देणार आहेत. लेस्टरच्या आपल्या मंडळात कोकणातली बरीच घरं आहेत. तेव्हा मंडळातर्फे शाल, श्रीफळ आणि मानपत्र पाठवावं, उपासनेनंतर तासाभराचा सत्कार ठेवावा, असं मनात आहे. आपण इथून व्हिडिओवर बघू. वर्गणीबद्दल कळवा.

प्रेषक: पुतण्या, गावाहून

काकू, सलाम.
तुमची आपुलकी इथे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो. सत्कार नको. बिशप साहेब येताहेत ते मुलांच्या दृढीकरणासाठी. पाळकसाहेबांनी पावसाळाभर शनिवारी त्यांचा वर्ग घेतला, विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली) आणि दहा आज्ञा पाठ करून घेतल्या. त्यांतल्या एका मुलीची आई हर्णैच्या बंदरावर मासळी घेऊन बसते. त्या दिवशी धंदा बंद ठेवून ती येणार आहे.

मागच्या भेटीत हारतुरे आणि भाषणं इतकी लांबली की मुलं कंटाळून मागच्या बाकांवर जाऊन बसली. बिशप साहेबांना पुढचं गाव गाठायचं होतं. मुलांशी धड बोलणं झालंच नाही. मला ते फार लागलं.

प्रेषक: खजिनदार

मी चिपळूणची, पण चर्चमध्ये कधी गेले नाही. हे आमच्या मुंजीसारखं असतं का? आणि पाळक असताना बिशपच कशाला लागतात?

प्रेषक: पुतण्या, गावाहून

ताई, बरं झालं विचारलंत.
बाप्तिस्मा बहुतेकांचा तान्हेपणी होतो, तेव्हा वचनं आईबाप आणि धर्ममातापिता देतात. दृढीकरणात तीच वचनं मूल स्वतःच्या तोंडाने, सगळ्या मंडळीसमोर देतं. मुंजीशी साम्य असलंच तर एवढंच, की इथून पुढे जबाबदारी त्याची. मग मूल गुडघे टेकतं, बिशप त्याचं नाव घेऊन डोक्यावर हात ठेवतात आणि पवित्र आत्म्याने त्याला बळ द्यावं म्हणून प्रार्थना करतात. एकेका मुलाच्या वाट्याला येतो तो जेमतेम अर्धा मिनिट, पण मोठेपणी सगळ्यांना तोच आठवतो.

अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, परंपरेत हा हात बिशपचाच लागतो. त्यामुळे पूर्वी वाट बघण्यावाचून इलाज नसे. १८१४ साली कलकत्त्याला बिशप नेमले गेले आणि मुंबई इलाखाही त्यांच्याकडेच होता. मुंबईला स्वतःचे बिशप, टॉमस कार, मिळाले ते थेट १८३७ मध्ये.

आता आम्ही नुसते अँग्लिकन राहिलो नाही, हेही खरं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट अशा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बिशपपद त्यात टिकलं, आणि गाणी सगळ्यांची सगळ्यांना मिळाली. रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत, सेवा अमेरिकन मिशनमध्ये. त्यांची भजनं आमची मुलं पेटी-तबल्यावर बसवताहेत. हे लिहितोय तेव्हाही बाजूच्या खोलीतून आवाज येतोय. धाकटे दुसऱ्या कडव्याला हमखास घाई करतात, आणि पेटीवाल्या बाई न रागावता पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

मंडळाला काही करायचंच असेल तर जेवणाचा भार उचला. कोंबडी-वडे आणि सोलकढीचा बेत आहे. बिशप साहेबांचं पान मुलांच्या पंगतीत मांडायचं, असं पाळकसाहेबांनी ठरवलंय. तो तास कुणी घेऊ नये, एवढीच माझी विनंती. व्हिडिओ जरूर लावतो, पण फोन बाजूच्या खिडकीत ठेवीन, मुलांच्या तोंडासमोर नाही.

प्रेषक: काकू, लेस्टर

पटलं. मानपत्र रद्द. जेवणाची वर्गणी खजिनदार ताईंकडे या आठवड्यात जमा करावी. त्या मुलीच्या आईसाठी पुढच्या बाकावर जागा धरून ठेव, ती बंदरावरून धावतपळत येईल. उपासना तिकडे नऊला म्हणजे इकडे पहाटेचे साडेतीन. मी जागी असेन, बाकीच्यांनी आपापलं बघा.