भरतीचं टायमिंग बघून जा

ऐरोलीच्या बोटीतून फ्लेमिंगो लांब गुलाबी ठिपक्यांसारखेच दिसले असं तुम्ही लिहिलंय, तर पुढच्या वेळी सुट्टी कधी आहे ते बघण्याआधी भरती-ओहोटीचं टायमिंग बघा, कारण ठाणे खाडीत सगळं त्यावरच चालतं. ओहोटीला चिखल उघडा पडला की थवे तिथे चरायला पसरतात, आणि पाणी चढायला लागलं की चिखल कमी कमी होत जातो, पक्षी काठाकडे एकत्र येतात आणि शेवटी उडून नवी मुंबईतल्या नेरुळच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळ जागी विसाव्याला जातात. म्हणूनच नुसती खाडी वाचवून भागणार नाही हो, ते तलावही तेवढेच महत्त्वाचे आहेत! खाडीला २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, फार चांगलं झालं, पण भरतीच्या वेळी पक्ष्यांनी बसायचं कुठे?

फ्लेमिंगोच्या मोठा (ग्रेटर) आणि छोटा (लेसर) या दोन जातींमधला फरक पायांवरून किंवा रंगावरून नका शोधू, चोच बघा. मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी, छोट्याची गडद लाल, लांबून जवळपास काळीच वाटते. करडे मळकट दिसतात ती पिल्लं.

आणि प्लीज सगळा वेळ फ्लेमिंगोंवर घालवू नका, त्याच चिखलात गॉडविट, कर्ल्यू, शेकाट्या असे दुसरे पाणपक्षीही असतात, गॉडविटचे थवे एकदम वळतात ना तेव्हा कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघा. बोटवाल्याला अजून जवळ घ्या असं मात्र म्हणू नका, थवा उठला की त्यांचं खाणं थांबतं.