मदत हवी आहे : चर्चमध्ये क्रूसावरील ख्रिस्ताची मूर्ती, आणि 'फॅकल्टी' (चर्चच्या इमारतीत बदल करायला लागणारी चर्च-न्यायालयाची परवानगी)

सर्वांना जय ख्रिस्त! इंग्लंडमध्ये राहणारं कुणी, विशेषतः चर्च ऑफ इंग्लंडच्या मंडळीत चर्चवॉर्डन (चर्चच्या इमारतीची, मालमत्तेची जबाबदारी असलेला निवडलेला सभासद) वगैरे असेल, तर मार्गदर्शन करा.

आमच्या पॅरिशमध्ये वेदीमागच्या भिंतीवर क्रूसावरील ख्रिस्ताची लाकडी मूर्ती लावायचं ठरतंय. इमारत लिस्टेड, म्हणजे संरक्षित वारसा वास्तू. आणि फॅकल्टीशिवाय असा बदल करायचाच नाही! दाराशी जाहीर सूचना लागली आहे, हरकतीला २८ दिवस. साधा रिकामा क्रूस आहे तोच राहावा, असं मला आणि काही वयस्कर सभासदांना वाटतं.

थोडं वाचलं. १८५७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हा चर्चच्या खटल्यांचं शेवटचं अपील तिथे होई) सजावट म्हणून क्रूस चालेल म्हटलं, पण प्रभुभोजनाच्या मेजाला जोडलेला नाही चालला. १९८७ मध्ये लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुकमध्ये शिल्पकार हेन्री मूरची गोल संगमरवरी वेदी कन्सिस्टरी कोर्टाने (बिशपच्या प्रांताचं चर्च-न्यायालय) नाकारली होती, ती वरच्या न्यायालयाने मान्य केली. म्हणजे निव्वळ 'हे आपल्या परंपरेत बसत नाही' एवढ्यावर काम भागणार नाही, असं दिसतंय.

तर विचारायचंय असं : नुसतं हरकतीचं पत्र पाठवावं, की रीतसर विरोधी पक्षकार व्हावं? पक्षकार झाल्यास खर्च अंगावर पडतो का? आणि चान्सलर (कन्सिस्टरी कोर्टाचे न्यायाधीश) श्रद्धेच्या मुद्द्याला जास्त वजन देतात, की इमारतीच्या ऐतिहासिक महत्त्वाला? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनीच सांगा, प्लीज. पाळकसाहेबांशी भांडण नाही, रविवारी चहा एकत्रच होतो.