मंडळाचा चेस्ट फ्रीझर आतेला देता येईल का?

प्रेषक: मुग्धा (तुंग चुंग, हाँगकाँग)

मंडळी, नमस्कार.
आमच्याकडे घरकाम करणाऱ्या फिलिपिनो आतेचा (‘आते’ म्हणजे त्यांच्याकडे ताई) करार ३० नोव्हेंबरला संपतोय आणि ती कायमची परत चाललीय, फिलिपिन्समध्ये इलोइलोजवळ तिच्या गावी. पाच करार, दहा वर्षं. गणपतीत पंगतीला वाढायला असते तीच, त्यामुळे ओळख करून देत नाही. घराच्या पुढच्या खोलीत ती सारी-सारी दुकान टाकणार आहे, म्हणजे आपली गल्लीतली किराण्याची टपरी. बर्फ, आइस कँडी आणि गोठवलेले सॉसेज यांवर अशा दुकानाचा बराचसा गल्ला चालतो, तेव्हा फ्रीझर हवाच. मंडळाचा चेस्ट फ्रीझर एरवी गोदामात नुसता पडून असतो. तो देता येईल का? तिचं सामान नेणाऱ्या बॉक्सवाल्याला रविवारी सांगायचंय, शनिवारपर्यंत कळवा.

प्रेषक: सतीश (खजिनदार)

मुग्धा, फ्रीझर मालमत्तेच्या नोंदवहीत आहे. मेलवर हो-नाही म्हणून तो देता येत नाही, कार्यकारिणीचा ठराव लागतो आणि पुढची बैठक डिसेंबरात आहे. शिवाय दसऱ्या-पाडव्याला साठ माणसांचं श्रीखंड कुठे ठेवायचं?
ता. क. गोदामाची दुसरी किल्ली फिरतीवर आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी परत करावी. हे चौथ्यांदा लिहितोय.

प्रेषक: विद्याधर काका

ठराव राहू दे बाजूला. तो फ्रीझर तिथे नेऊच नये. हाँगकाँगची वीज २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फिलिपिन्सची २३० व्होल्ट, ६० हर्ट्झ. व्होल्टचा फरक किरकोळ आहे, हर्ट्झचा नाही.

आपला कॉम्प्रेसर जुन्या पद्धतीचा, थेट लाइनवर फिरणारा. ६० हर्ट्झवर तो सुमारे २० टक्के जास्त वेगाने फिरणार. म्हणजे गॅस जास्त ढकलणार, मोटरवर बोजा वाढणार. आणि हर्ट्झ वाढून व्होल्ट जवळपास तेवढेच राहिले की मोटरची ओढ मात्र कमी होते. बोजा वाढला, ताकद घटली. मग सुरू होतानाच तो अडखळतो, ओव्हरलोड टक्‌ करून तोडतो, काही मिनिटांनी पुन्हा टक्‌. त्यात संध्याकाळी गावातलं व्होल्टेज पडलं की वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही. मागच्या पाटीवर ‘५०/६०’ असं दोन्ही लिहिलेलं असतं तर चाललं असतं. आपल्या पाटीवर नुसते ५० आहेत. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला ही अडचण नाही, तो आलेली वीज आधी डीसी करून घेतो आणि मग आपल्याला हवी तशी फिरवतो.

मुग्धा, बाकी सामानाचंही सांगून ठेवतो. राइस कुकर, इस्त्री, केटल खुशाल ने, तिथे नुसती कॉइल तापते. मिक्सर आणि घरगुती शिलाई मशीनची कार्बन ब्रशवाली मोटर असते, तिलाही हर्ट्झचं काही नाही. टेबल फॅन जोरात फिरेल आणि तापेल. जुना, जड ट्रान्सफॉर्मरवाला मायक्रोवेव्ह नको. प्लग इथले तीन चौकोनी पिनांचे, तिथे दोन चपट्या पिना. प्रवासी अडॅप्टरवर रोजची वस्तू चालवू नये, प्लगच बदलून घ्यावा. आणि दोन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग नसतं. ओल्या फरशीवर पत्र्याचा फ्रीझर ठेवायचा असेल, तर तिथल्या वायरमनकडून आधी अर्थिंगची तार ओढून घ्यायला सांग.

प्रेषक: शलाका

फ्रीझरवर इतकं लिहून झालं, मुख्य गोष्ट कोणी विचारलीच नाही. मुग्धा, आतेकडून राजीनाम्याचं पत्र घेतलंयस का? नसेल घेतलं तर घेऊ नकोस.

एकाच मालकाकडे सलग पाच वर्षं झाली आणि करार संपून नवा झाला नाही, की दीर्घ सेवेची रक्कम द्यावी लागते. शेवटच्या महिन्याच्या पगाराचे दोन तृतीयांश, गुणिले वर्षं. पगार ५,४०० धरला तर ३,६०० गुणिले १०, म्हणजे ३६,००० हाँगकाँग डॉलर. दोन-दोन वर्षांचे करार एकापाठोपाठ झाले असतील तर सेवा सलगच धरतात, मध्ये ती सुट्टीवर घरी जाऊन आली तरी. पण तिने स्वतः राजीनामा दिला, तर वय ६५ किंवा कायमचं आजारपण असल्याशिवाय हक्क जातो. ‘मी स्वखुशीने घरी जात आहे’ अशी एक ओळ एजन्सी सहज लिहून घेते आणि ३६,००० बुडतात.

दुसरी मेख अशी, की करार संपायच्या किमान सात दिवस आधी मालकाने नवा करार देऊ केला आणि तिने सबळ कारणाशिवाय नाकारला, तरी रक्कम मिळत नाही. तेव्हा ‘राहा ना गं अजून दोन वर्षं’ असं प्रेमानेसुद्धा लेखी पाठवू नकोस.

करार संपल्यापासून सात दिवसांत शेवटचा पगार, न घेतलेल्या रजेचे पैसे (दहाव्या वर्षी रजा १४ दिवसांची, सातची नव्हे) आणि ही रक्कम द्यायची. तिकीट मनिलापर्यंतचं नाही, करारात तिचं जे गाव लिहिलंय तिथपर्यंतचं. प्रवासातल्या जेवणखाण्याचे दिवसाला १०० डॉलर वेगळे. पावतीवर प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत लिही. ‘सर्व येणे मिळाले’ अशी एकच ओळ तिलाही घातक आणि तुलाही.

प्रेषक: नितीन

पण १ मे २०२५ पासून मालकाने ही रक्कम एमपीएफमधून (इथल्या सक्तीच्या भविष्यनिर्वाह निधीतून) वळती करून घेणं बंद झालंय ना? मग एप्रिलपर्यंतचा भाग वेगळा मोजायचा का?

प्रेषक: शलाका

नितीन, घरकामगारांना एमपीएफ लागूच नाही. वळतं करायला काही नव्हतंच. सगळी रक्कम मालकाच्या खिशातून.

प्रेषक: सतीश (खजिनदार)

मंडळाचा यात प्रश्न वर्गणीचा आहे. आतेच्या निरोपासाठी आतापर्यंत ६,२०० डॉलर जमलेत. पाकिटात घालून द्यायचे की काकांच्या म्हणण्याप्रमाणे नवा इन्व्हर्टर फ्रीझर? शिवाय महिला विभागाने दोन डझन स्टीलचे डबे देऊ केलेत, दुकानात मालासाठी.

प्रेषक: अंजलीताई (हुंग होम)

डबे नकोत. सांगते का ते.

फिलिपिन्सच्या २०१६ च्या सीमाशुल्क कायद्यात बालिकबायान बॉक्सला (परदेशातून घरी पाठवायच्या सामानाच्या खोक्याला) सूट आहे ती घरच्या माणसांच्या वापरासाठी. एका जातीच्या डझनापेक्षा जास्त वस्तू नकोत, वर्षात तीनदा, आणि वर्षभराचं सगळं मिळून दीड लाख पेसोंच्या आत. दोन डझन एकसारखे डबे म्हणजे उघड व्यापारी माल. दुकानाचा माल बॉक्समधून न्यायचाच नाही, साबण-शांपूसुद्धा मोजून. नव्या वस्तूंची बिलं आणि पासपोर्टची प्रत माहितीपत्रकाला जोडायची, आणि यादीत ‘किरकोळ सामान’ असं लिहायचं नाही. तीन चादरी म्हणजे तीन चादरी.

बॉक्सशिवाय कायमचं परतणाऱ्याला आणखी दोन सवलती असतात. दहा वर्षं किंवा जास्त बाहेर राहिलेल्याला घरगुती सामानावर साडेतीन लाख पेसोंपर्यंत (पाच ते दहा वर्षांना अडीच लाख, त्याखाली दीड). आणि कामगार म्हणून घरगुती उपकरणं प्रत्येक जातीचं एक, दीड लाखापर्यंत, पण ती तिच्याबरोबर किंवा ती पोचल्यापासून ६० दिवसांत तिथे पोचायला हवीत. इलोइलोचा बॉक्स मनिलाच्या बॉक्सपेक्षा उशिरा पोचतो, तेव्हा उपकरणं शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. फ्रीझर मात्र तिथेच घ्यावा. ६० हर्ट्झचाच मिळतो, वॉरंटीही तिथली, आणि बिघडला तर मेकॅनिक गावातला.

आता पैशांचं. मुग्धा, तिचे एसएसएसचे (फिलिपिन्सच्या सरकारी पेन्शन योजनेचे) किती महिने भरलेत? पेन्शनला १२० लागतात. ६० व्या वर्षी त्याहून कमी भरले असतील तर एकरकमी परत घेणं किंवा स्वतःहून पुढे भरत राहणं, एवढंच उरतं. दुकानाच्या आधी हे बघा.

प्रेषक: मुग्धा

शलाका, राजीनामा लिहून घेतलेला नाही, वाचलो. अंजलीताई, तिच्या नोंदीत ९७ महिने दिसतायत. ती ५५ ची आहे. या वर्षीचं काहीच भरलेलं नाही, तिला वाटलं आता परत चाललेच तर कशाला.

प्रेषक: अंजलीताई

अगदी उलटं. परदेशी कामगाराला जानेवारी ते सप्टेंबरचे हप्ते त्याच वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतात, ऑक्टोबर ते डिसेंबरचे पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत. तारीख गेली की मागचा महिना भरून निघत नाही. आता जानेवारी ते नोव्हेंबरचे ११ भरले की १०८. उरले १२, ते घरी गेल्यावर ऐच्छिक सदस्य म्हणून भरायचे, वर्षभरात पेन्शनचा हक्क पक्का. परदेशी कामगारांसाठीचा किमान ८,००० पेसो पगाराचा टप्पा धरला तर १५ टक्क्यांनी महिना १,२००, म्हणजे ११ महिन्यांचे १३,२०० पेसो. आपल्या वर्गणीच्या तिसऱ्या हिश्शातसुद्धा बसतं. सतीश, त्या पाकिटाचा याहून चांगला उपयोग मला तरी दिसत नाही. फ्रीझरच्या गोंधळात कार्डावरचे आकडे कोणी बघत नाही.

परतणाऱ्यांच्या सरकारी मदतीबद्दल तिला आशा लावून ठेवू नका. ओडब्ल्यूडब्ल्यूएची (परदेशी गेलेल्या कामगारांच्या कल्याणाचं त्यांचं सरकारी खातं) २०,००० पेसोंपर्यंतची ‘बालिक पिनास, बालिक हानापबुहाय’ ही मदत मुख्यतः अडचणीत सापडून किंवा काम सुटून परतलेल्यांसाठी आहे. सुरळीत करार संपवून गेलेलीने ती धरून हिशोब करू नये. लँडबँक आणि डीबीपी या तिथल्या सरकारी बँकांचं कर्ज मोठं असतं, एक लाखापासून वीस लाखांपर्यंत, ७.५ टक्क्यांनी, पण त्याआधी उद्योजकतेचं प्रशिक्षण आणि स्वतःचा हिस्सा लागतो. टपरीला कर्ज काढूच नये, माझं स्पष्ट मत.

दुकानाला आधी डीटीआयची (व्यापार खात्याची) नावनोंदणी, फक्त बारांगायपुरती (गाव-वॉर्डापुरती) केली तर २०० पेसो, पाच वर्षं चालते. मग बारांगायचा दाखला, मग नगरपालिकेचा परवाना. नेगोस्यो सेंटरमध्ये (सरकारी उद्योग मदत केंद्रात) बीएमबीईचं, म्हणजे अगदी छोट्या धंद्याचं, प्रमाणपत्र मागायला सांगा, ३० लाखांच्या आतल्या मालमत्तेच्या धंद्याला प्राप्तिकर माफ होतो.

अशी दुकानं मालाअभावी बसत नाहीत, उधारीने बसतात. पहिल्याच आठवड्यात दीर, चुलत बहीण, शेजारीण वहीत नाव लिहून घेऊन जातात, आणि परदेशाहून आलेल्या बाईकडे पैसे मागायला काय, तिच्याकडे असणारच. ‘आज रोख उद्या उधार’ची पाटी तिथे कोणी वाचत नाही. घरखर्चाचा आणि दुकानाचा डबा वेगळा, आणि उधारीची मर्यादा एकूण मालाच्या दहाव्या हिश्शाला बांधलेली. त्यापुढे वही बंद, सख्ख्या भावालाही.

३६,००० तिने इथल्या खात्यातून तिथल्या तिच्या एकटीच्या खात्यात पाठवावेत, आणि निघायच्या आधी. सेंट्रलच्या वर्ल्डवाइड हाउसमध्ये (फिलिपिनो दुकानांची इमारत) सगळे पेसोत बदलून पिशवीत घालू नयेत. ते दोन लाखांच्या वर जातात, आणि परवानगीशिवाय ५०,००० पेसोंपेक्षा जास्त रोख देशात नेता येत नाही.

प्रेषक: विद्याधर काका

घर कोणाच्या जागेवर आहे? दुकान पुढच्या खोलीत म्हणता.

प्रेषक: मुग्धा

सासऱ्यांच्या. कागद आहेत म्हणते, कराची पावती दरवर्षी भरतात.

प्रेषक: अंजलीताई

ती ‘टॅक्स डिक्लरेशन’ असणार. आपला सातबारा जसा मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, तसंच ते. मालकी म्हणजे टायटल, आणि ते कोणाच्या नावावर आहे ते रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये (जमिनीच्या नोंदणी कार्यालयात) बघायचं. सासऱ्यांच्या नावावर निघालं तर त्या खोलीत सिमेंट-विटांवर एक पेसो घालू नये. फ्रीझर, रॅक, काउंटर असं उचलून नेता येईल तेवढंच.

प्रेषक: सतीश (खजिनदार)

वर्गणीतून एसएसएस, मला मान्य. पण पावती तिच्या नावाची असेल, तिची प्रत मंडळाच्या फायलीला हवी. उरलेले पाकिटात. डब्यांचं महिला विभागाला मीच कळवतो, नंतर माझ्यावर रागावू नका.

प्रेषक: मुग्धा

आतेने एसएसएसचे हप्ते भरायला लागणारा पेमेंट रेफरन्स नंबर काढलाय. पैसे रविवारी दुपारी एकच्या आत लागतील, त्यानंतर सेंट्रलला रांगेत उभं राहायलाही जागा नसते. परवाच्या तपासणीत रजेचे नऊ दिवस बाकी निघाले, शलाका, ते धरलेत.

प्रेषक: नितीन

मग आपला फ्रीझर विकायचा का?

प्रेषक: सतीश (खजिनदार)

विषय तो नाही. किल्ली कोणाकडे आहे?

प्रेषक: विद्याधर काका

माझ्याकडे. पाटीवरचे हर्ट्झ बघायला घेतली होती, तीनच दिवस झाले. त्याआधी कोणाकडे होती ते नितीनला विचार.