फर्स्ट कॉपी डायव्ह वॉच पाण्यात घालायच्या आधी टेस्ट कुठे, कशी करू? (पुणे)

कोथरूडकर७
मंडळी, मावसभावाने रोलेक्स सबमरिनरची (त्यांचं डायव्हिंगचं घड्याळ) फर्स्ट कॉपी दिलीये, ऑटोमॅटिक आहे, हातात छान जड लागते, डायलवर 1000 फूट / 300 मीटर छापलंय. त्या आकड्यावर माझा भरवसा नाहीये पण सकाळी टिळक टँकला पोहायला जातो आणि दिवाळीनंतर तारकर्लीला स्कूबाचा प्लॅन आहे, तेव्हा हेच घालायची फार इच्छा आहे. रात्रभर बादलीत ठेवून बघू का? की पुण्यात कोणी नीट टेस्ट करून देतं?

पेठेतला_घड्याळवेडा
बादलीत अजिबात नको हो! तिथे दाब नसल्यातच जमा, त्यामुळे पास झालं तरी काही सिद्ध होत नाही, आणि लीक असेल तर कळेपर्यंत घड्याळातलं मशीन गंजायला लागलेलं असतं. आधी हवेने टेस्ट, मग पाण्याने. ड्राय टेस्टरमध्ये हवेचा दाब दिला की घड्याळाची बॉडी अगदी किंचित दबते, टेस्टर ते मोजतो. दबलेली तशीच राहिली तर ठीक, हळूहळू परत फुगायला लागली म्हणजे हवा आत शिरतेय.
लक्ष्मी रोड आणि कॅम्पातल्या जुन्या रिपेअरवाल्यांना फोन करून थेट विचारा, "प्रेशर टेस्टिंगचं मशीन आहे का?" नुसतं वॉटरप्रूफ करून द्या म्हणालात तर मागचं झाकण घट्ट करून देतील. आणि कॉपी आहे हे आधीच सांगा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चक्कर मारू नका, ते हात लावणार नाहीत.

गॅस्केटवाला
वरच्याशी सहमत. ड्रायमध्ये फेल झालं तर लीक कुठून ते मात्र कळत नाही, त्याला वेट टेस्टर. जाड पारदर्शक नळकांडं असतं, खाली पाणी वर हवा, घड्याळ हवेत टांगायचं, पंपाने दाब वाढवायचा, काही मिनिटं थांबायचं, मग घड्याळ पाण्यात सोडून दाब हळूहळू कमी करायचा. दाबाने आत गेलेली हवा बुडबुड्यांची माळ होऊन बाहेर येते, चावीच्या (बाजूचं वेळ लावायचं बटण) मुळाशी किंवा झाकणाच्या कडेला स्पष्ट दिसते. माळ दिसली की दाब सोडणं थांबवून घड्याळ लगेच पाण्याच्या वर ओढायचं, नाहीतर त्याच वाटेने पाणी आत. पट्टा काढूनच न्या, पट्ट्यात आणि बेझलखाली (काचेभोवतीचं फिरतं कडं) अडकलेली हवा पण बुडबुडे सोडते, ते दोन-चार येऊन थांबतात, त्याने घाबरू नका.
कॉपीत बहुतेक वेळा चावीच दगा देते. खऱ्या सबमरिनरच्या चावीवर तीन ठिपके असतात ती ट्रिपलॉकची, म्हणजे रोलेक्सच्या जास्त सील असलेल्या चावीची खूण, कॉपीवाले ठिपके हुबेहूब काढतात पण आतल्या रबर रिंगा पातळ, कोरड्या, कधी एखादी गायबच. टेस्टच्या आधीच झाकणाची आणि चावीची रिंग बदलून सिलिकॉन ग्रीस लावून घ्या. व्हॅसलीन नको, पेट्रोलियमने रबर खराब होतं.

कोथरूडकर७
बापरे, भारी माहिती, धन्यवाद! टेस्ट किती दाबाला करायला सांगू? 300 मीटर म्हणजे 30 बार ना?

पेठेतला_घड्याळवेडा
हो, 10 मीटरला साधारण 1 बार. रोलेक्स आपली डायव्ह घड्याळं छापलेल्या खोलीपेक्षा 25 टक्के जास्त दाबाला तपासते, कॉपीकडून ती अपेक्षाच ठेवू नका. पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्याला साधारण 12 मीटरच्या आतच ठेवतात, म्हणजे सव्वा बार. तुम्ही 5-6 बारला पास करून घ्या, पोहायला आणि तारकर्लीला भरपूर झालं. पण झाकण पुन्हा कशासाठीही उघडलं तर टेस्टही पुन्हा.

डेक्कनची_मीरा
एक माझ्याकडून. टेस्टनंतर घड्याळ कोमट करून काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवा, मग पुसून बघा. आतून धुकं दिसलं तर ओल आत आहे. पावसाळी हवेत झाकण बंद केलं असेल तरी असं होतं, तेव्हा लगेच लीक समजू नका, कोरड्या जागी उघडून सुकवून परत बंद करायला सांगा. आणि अंघोळीला गरम पाण्यात नको, साबण आणि उष्णता दोन्ही रिंगांच्या मुळावर येतात. टँकवरून आलं की साध्या पाण्याने धुवा, क्लोरीन राहू देऊ नका, आणि पाण्यात असताना चावी उघडायची नाही म्हणजे नाही.